बोटभर पोई

तीस वर्षं हिलो या बेटावरच्या गावात, एका शाळेच्या स्वयंपाकघरात मिलीआनीने हातभर खोल पातेली घासली, आणि वेड लागलं ते अक्रोडाएवढ्या लाकडी वाडग्यांचं. कोआ, मिलो, कमानी, नाइओ... बेटावरच्या अकरा झाडांचे अकरा वाडगे तिने जमवले. बाराव्याला, कोऊच्या वाडग्याला, नऊ वर्षं लागली. जुनी कोऊची झाडं आता उरलीत कुठे? शेवटी अंकल एनोकाने आपल्या आजोबांच्या अंगणात पडलेल्या झाडाचा राखून ठेवलेला तुकडा तिच्यासाठी लेथवर कातला. खिडकीशी धरला की कडेतून उजेड पाझरायचा. लाकूड आतून जागं असल्यासारखं.

तिने तो काचेच्या कपाटात ठेवला, नीट दिसावा म्हणून वर बल्ब लावला. हात लावायची तिला भीती वाटे. हाताचं तेल नाही, वरून बल्बची धग. तिसऱ्या महिन्यात कडेपासून बुडापर्यंत केसाएवढी चीर गेली.

आणि एनोका रविवारी चर्चनंतर जेवायला येणार होता. तिच्या वडिलांचा हा एकच दोस्त उरलेला. नजर जवळजवळ गेलेली, पण वाडगा चाचपल्याशिवाय तो राहणार नव्हता. त्याने कातलेल्या वाडग्यात कुणीतरी किल्ल्या टाकल्या, तर त्या माणसाशी त्याने सहा वर्षं बोलणं टाकलं होतं.

बेटावरची जुनी रीत अशी की पोईचं भांडं उघडं असेपर्यंत ताटावर कुणी वाकडा शब्द काढत नाही. मिलीआनीने अळकुड्यांची ती दाट, आंबूस पोई चमचाभर घेतली आणि चिरलेल्या वाडग्यातच वाढून त्याच्यासमोर ठेवली.

"एवढीशी? उपाशी मारतेस काय मला?" एनोका म्हणाला, आणि त्याचं बोट चिरेवर थांबलं.

मग करंगळी बुडवून त्याने चाटली. पुन्हा बुडवली. पोई संपू नये असं तिला इतक्या जिवापासून कधी वाटलं नव्हतं.

"संपली. आता बोलू?"

"आणखी वाढते ना, अंकल."

"लबाड. बापावर गेलीस." वाडगा त्याने हातातच ठेवला. कुठे ठेवला होतास, विचारलं. तिने बल्बचं सांगितलं.

"दिवा? त्याला काय वाचायचं होतं?"

पण वाडगा त्याने खिशात घातला. दहा दिवसांनी परत आणला, तेव्हा चिरेवर तीन पेवा बसले होते: फुलपाखराच्या आकाराची ठिगळं, प्रत्येक तांदळाच्या दाण्याएवढं, त्याच झाडाच्या ढलपीतून काढलेलं. मिलीआनीला ते बघायला भिंग लागलं. समोर उभी असलेली ती या माणसाला नीट दिसतही नव्हती.

"डोळे मिट," तो म्हणाला. "बोट फिरव आणि सांग कुठे आहेत."

तिने आतून बोट फिरवलं, बाहेरून फिरवलं. पुन्हा एकदा, अगदी सावकाश. तिला एकही सापडला नाही.

"दर रविवारी यातच वाढायची," एनोका म्हणाला, आणि टेबलावरचं पोईचं मोठं, उघडं भांडं त्याने स्वतःच पुढे ओढलं.