जळगावच्या कॉलेजात माझा एक तास आणि सव्वा मूठ गहू

जळगावला मी आधी दोनदाच गेले होते. एकदा लग्नाच्या बस्त्याला, एकदा डोळ्याच्या ऑपरेशनला. यावेळी गेले ती कॉलेजात, तेही वर्गात बसायला! मी स्वतः चौथीतून उठलेली. म्हणून म्हटलं, लिहूनच टाकावं.

झालं असं, की माझ्या नातीला, मेघनाला, बारावीनंतर तत्त्वज्ञान शिकायचंय. तिचा बाप रवी, म्हणजे माझा मुलगा, म्हणाला, "ते शिकीसन काय करशी, पोरी? कपाशीवर फवारशी का?" बापलेकीचा आठ दिवस अबोला. घरात भांडी तेवढी वाजायची. शेवटी रवी फॉर्म माझ्यापुढे टाकून म्हणाला, "माय, कॉलेजात नव्या पोरांसाठी एक तास ठेवलाय म्हणे. तूच पाही ये. मग मी सही करायची का नाही ते पाहू."

शिंदखेड्याहून जायला पॅसेंजर चांगली. खिडकीशी बसा, अमळनेरला गर्दी चढायच्या आत डबा खाऊन घ्या. मी आणि मेघनाने दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी नेली होती. समोरच्या अक्कांनी लोणचं दिलं, आणि धरणगाव येईपर्यंत त्यांच्या तिन्ही सुनांची माहिती दिली. लोणचं चांगलं होतं.

वर्गात पंखे छान होते. शिकवणाऱ्या मॅडम माझ्या धाकट्या सुनेएवढ्या. त्या म्हणाल्या, ग्रीस देशात एक म्हातारा होता, बाजारात माणसं अडवून विचारायचा, न्याय म्हणजे काय, चांगलं म्हणजे काय. शेवटी गावानं त्याला विष प्यायला लावलं. मला फार वाईट वाटलं. आमच्या गल्लीतले नाना असेच डोकं खातात, पण त्यांना आम्ही चहा पाजतो.

मग मॅडम म्हणाल्या, "समजा, तुमचा जन्मच झालेला नाही. मुलगा होणार की मुलगी, कोणाच्या घरी जाणार, काही ठाऊक नाही. आता गावाचे नियम करा."

माझा हात कसा वर गेला, मलाच कळलं नाही. मी म्हटलं, "मॅडम, आमच्याकडे श्रावणात कानबाई बसते, आमची खान्देशातली देवी. तेव्हा घरात जितके पुरुष, तितक्यांच्या नावाने सव्वा सव्वा मूठ गहू मोजायचा आणि त्याचे रोट, म्हणजे नैवेद्याच्या जाड पोळ्या, करायचे. पोरीबाळींची मूठ नाही."

"मोजतं कोण, आजी?"

"मीच की! पन्नास वर्षं झाली."

वर्ग हसला. मॅडम नाही हसल्या. "आणि तुमचा जन्म व्हायचा असता तर?"

घाबरले की मला घरची बोली येते. म्हटलं, "मंग मी बठ्ठासनी मूठ मोजसू!" म्हणजे सगळ्यांचीच. पोरांनी बाक वाजवले हो!

बाहेर शेवभाजी खाल्ली. तर्रीने नाकाडोळ्यांतून पाणी. कमी तिखट मागितली तरी तशीच येते, तेव्हा दही आधीच मागून ठेवा.

परतताना एसटी घेतली, पारोळ्यावरून धुळे, तिथे गाडी बदलायची. पंच्याहत्तरीच्या पुढे तिकीट नाही, आधार कार्ड मात्र विसरू नका. पारोळा गेल्यावर मेघना म्हणाली, "आजी, वर्गात टाळ्या घेतल्यास. माझी मूठ मोजशील का पण?"

मी म्हटलं, धुळे येऊ दे आधी, गाडी बदलायचीय.

घरी आल्यावर रवीला सांगितलं, जाऊ दे तिला. तो "बघू" म्हणाला आणि फॉर्म फडताळात टाकला. तेवढ्यात कानबाई आली. मी परातीपुढे बसले आणि चार पुरुषांच्या मुठी झाल्यावर थांबलेच नाही. मेघनाची, तिच्या बहिणीची, दोन्ही सुनांची, आणि म्हटलं आता लाजायचं काय, माझीही मोजली. कानबाईसाठी आलेली मोठी जाऊ म्हणाली, "कानबाईले आते नवं गणित शिकाडी ऱ्हायनी का?" मी म्हटलं, तिला येतं, आपल्यालाच येत नव्हतं.

एक गोष्ट मात्र ध्यानात आली नाही. रोट भाऊबंदकीतच संपवायचे असतात, बाहेर द्यायचे नाहीत. दुपटीहून जास्त झाले! सकाळी रोट, दुपारी रोट, दुधात रोट. तिसऱ्या दिवशी रवी घास हातात धरूनच म्हणाला, "माय, बायकांची मोजली ते ठीक. पण सुकदेव वीस वर्षं आपल्याकडे सालदार आहे. आपला गहू तोच काढतो. त्याची मूठ का नाही?"



मेघना हळूच म्हणाली, "पप्पा, त्या वर्गात हेच विचारतात."

रवीने हात धुतले, फडताळातून फॉर्म काढला आणि म्हणाला, "सही कुठे करायची?"

मेघना आता जळगावला असते. तुमच्या नातीच्या कॉलेजात असा तास असेल तर नक्की जा, मागच्या बाकावर बसू नका, ऐकू येत नाही. सुकदेवच्या मुठीचं काय करायचं, ते मला अजून सुचलेलं नाही. विचारलं तर तो नुसता हसतो. पण रवी रोज जेवताना तो विषय काढतो, आणि त्याला मी काही विष पाजत नाही.