धानोऱ्याची मोटार आणि टोऱ्यांचं तेल

वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी माणसाला दोनपैकी एक गोष्ट होते: अध्यात्म किंवा मोटार. अध्यात्माला पहाटे उठावं लागतं, म्हणून मी मोटार निवडली. तीही साधीसुधी नव्हे. विलायती, दोन आसनांची, टप उघडणारी, ताशी ऐंशी मैल जाते अशी ख्याती असलेली. घरात आम्ही चार माणसं आहोत हे बायकोने लक्षात आणून दिलं. मी म्हणालो, आळीपाळीने जाऊ. त्यावर ती जे बोलली ते प्रवासवर्णनात बसत नाही.

ही मोटार होती धानोऱ्याला. जंगलखात्याच्या एका इंग्रज साहेबाने मायदेशी जाताना ती तिथल्या खाजगी दवाखान्याच्या डॉक्टर मोघ्यांना जवळजवळ फुकट दिली होती. ज्या मुलखात बैलबंडीसुद्धा विचार करून चाक टाकते, तिथे जमिनीला पोट लावून चालणारी ही गाडी! डॉक्टरांनी पत्रात स्वच्छ लिहिलं होतं: "गिअरबॉक्स गेला आहे असे दोन गिऱ्हाइकांनी सांगितले. क्लचही घसरतो. पाहून घ्यावी." जुनी मोटार विकणाऱ्याने असं पत्र लिहिलेलं मी आयुष्यात पहिल्यांदा वाचलं. हा मनुष्य एक तर साधू असेल नाहीतर पक्का बिलंदर, असं ठरवून मी आमच्या नागपुरातल्या करीमभाई मेकॅनिकला बरोबर घेतलं.

तुम्ही कधी असल्या खरेदीला निघालात तर पहिला सल्ला हाच: मित्र नेऊ नका, मेकॅनिक न्या. मित्राला रंग दिसतो. करीमभाईंच्या पिशवीत पाने, एक लोहचुंबक आणि गिअर-तेलाचा डबा होता. कपडे होते की नाही, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

पहिला दिवस चांद्यापर्यंत आगगाडीत गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी मूल गावावरून जाणारी मोटारबस धरली. भाडं दोघांचं मिळून पाच रुपयांच्या आत, त्यात धूळ मोफत. मूलला अर्धा तास थांबते. तिथे चहा घ्या, भजी घेऊ नका. वैनगंगेवर बस थांबली. हिवाळ्यात पाणी उतरलेलं असतं, तरी मधली धार होडीनेच ओलांडायची. पलीकडे दुसरी बस उभी असते, म्हणजे असायला हवी. आम्हाला ती दोन तासांनी भेटली. तोवर वाळूत बसून नदीवरच्या ढीवरांनी भाजलेले मासे खाल्ले. त्या दोन तासांबद्दल माझी काही तक्रार नाही.

गडचिरोलीपासून धानोऱ्यापर्यंत रस्ता सागाच्या आणि बांबूच्या आतून जातो. बसमध्ये लाख, डिंक, हिरडे यांची पोती आणि त्यांच्यावर माणसं. शेजारच्या म्हाताऱ्याने करीमभाईंना विचारलं, "कुठी चालले जी?" मोटार पाहायला, म्हटल्यावर तो गंभीर झाला. "डॉक्टरसाहेबाची? ते तं सकारी चालतच नाई. उन्हं चढले का चालते. आमच्यावानीच हाय."

करीमभाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि वहीत काहीतरी टिपलं. मला वाटलं, विनोद टिपला.

डॉक्टर मोघे पस्तिशीचे, सडपातळ, मूळचे पुण्याकडचे. दवाखाना म्हणजे कौलारू दोन खोल्या. बरोबर कंपाउंडर, ड्रायव्हर, भांडारी असं सगळं एकाच देहात असलेले सोमाजीभाऊ. पन्नाशी उलटलेली, पूर्वी बंडी हाकायचे. संध्याकाळी लाखोळीच्या डाळीचं वरण, भात आणि बोडीतले, म्हणजे गावतळ्यातले, मासे जेवताना डॉक्टरांनी सगळं सरळ सांगितलं. चांद्याला एकाकडे लष्करातून निघालेली जीप आहे. त्याने शनिवारपर्यंत थांबायचं कबूल केलंय. मोटारीचे जीपपुरते पैसे आले तर जीप, नाही तर पुढच्या हिवाळ्यापर्यंत सायकल. नाल्यापलीकडे नऊ गावं आहेत, तिथली बाळंतीण खाटेवर घालून बारा मैल आणतात. "कधी कधी," ते म्हणाले, "खाट येते तेव्हा मला फक्त खाट आणणाऱ्यांशी बोलावं लागतं."

मी वाकडं लिहून पोट भरणारा माणूस, पण तेव्हा मी पुन्हा एकदा भात वाढून घेतला.

तिसऱ्या दिवशी सकाळी तपासणी. इथे वाचकांनी नीट लक्ष द्यावं. जुनी वेगवान मोटार नेहमी थंड इंजिनावर पाहावी. विकणाऱ्याने आधीच फिरवून गरम करून ठेवली असेल तर चहा पिऊन परत यावं. धानोऱ्याची पौषातली सकाळ, हात चोळूनही बोटं वळत नव्हती, म्हणजे गाडी पुरेशी थंड होती. करीमभाईंनी इंजिन सुरू केलं, इंजिन उत्तम. मग क्लच दाबून गिअर टाकला तर दांडी गुळाच्या भेलीत रुतल्यासारखी. दुसरा पडला, तो किंचाळत. मग त्यांनी हातब्रेक ओढला, वरचा गिअर घातला आणि क्लचवरचा पाय हळूहळू काढला. चांगला क्लच असेल तर इंजिनाने इथे मान टाकून बंद पडायला हवं. ते बेधडक फिरत राहिलं. चाकांशी आपला काही संबंध नाही, अशा थाटात.

डॉक्टर ओसरीवरून पाहत होते. "हेच," एवढंच म्हणाले आणि रोगी तपासायला आत गेले. सोमाजीभाऊ मात्र तिथून हलले नाहीत. ते गाडीपासून चार हात लांब, हात मागे बांधून उभे.

करीमभाई गाडीखाली शिरले. गिअरबॉक्सचं बूच काढलं की तेल धारेने यायला हवं, काळं. त्यात पितळेची चमक दिसली तर दाते झिजलेत, पोलादाचे कण दिसले तर पैसे खिशातच ठेवायचे. इथे धार आलीच नाही. थोड्या वेळाने पिवळट, तुपासारखा थिजलेला एक गोळा खाली लोंबला. त्यांनी तो बोटांत चोळला, चुंबक फिरवला, वास घेतला. चुंबक कोरा. पलीकडे क्लचच्या खिडकीत बोट घातलं, तेही तसंच तुपकट निघालं.

दुपारी मला ते विहिरीपाशी घेऊन गेले. "साहेब, गिअरचा डबा सोन्यासारखा हाय. मोहाच्या बियांचं, टोऱ्यांचं तेल भरलं हाय कोनीतरी. बंडीच्या आखाले देते ना लोकं, तेच. थंडीनं गोठते, उन्हानं पाघळते. क्लचमध्येबी तेच घातलं. क्लच कोरडाच पाहिजे, म्हून घसरून राह्यला. एक दिवसाचं काम. कोनाले बोलू नका. डॉक्टर समजते डबा मेला. अर्ध्या भावात घेऊन टाका."

खरं सांगतो, मी बोललो नाही. विहिरीपासून दवाखान्यापर्यंत शंभर पावलं असतील. तेवढ्यात मी त्या अर्ध्या पैशांत टपाचं नवं कापड आणि गॉगलसुद्धा घेऊन टाकला होता. डॉक्टरांची जीप आठवली, नाही असं नाही. पण मी स्वतःला समजावलं, की भाव ते स्वतःच पाडून बसलेत. लबाडीला नेहमी एखादा सभ्य वाक्प्रचार सापडतो. माझा तर धंदाच वाक्यांचा.

चहाच्या वेळी ओसरीवर चौघे बसलो. सोमाजीभाऊ खांबाला टेकून, आमच्याकडे न बघता. डॉक्टरांनी स्वतःहून अर्ध्याहून कमी आकडा सांगितला. त्यात जीप येत नव्हती हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं, पण खराब माल जास्त भावाने देणं त्यांना जमणारं नव्हतं. मी कपात बघत होतो. हो म्हणायला तोंड उघडणार, इतक्यात सोमाजीभाऊ बोलले. डॉक्टरांशी नव्हे, करीमभाईंशी.

"उस्ताद, एक इचारू? दोन वरसांपूर्वी चांद्याहून तेलाचा डबा आलाच नाई. गिअरचा डबा कोरडा पडला होता, मले आवाज समजे. मंग मी टोऱ्यांचं तेल भरलं. पाय दाबला का कुईकुई करे, तं तिथीबी घातलं. आख कुईकुई करते तं तेल देतेच ना मानूस. तवापासून ते बिघडली. मीच मारली का तिले?"

डॉक्टरांनी कप खाली ठेवला. त्यांना हे ठाऊक नव्हतं, हे उघड होतं. सोमाजीभाऊंचे हात अजून मागेच बांधलेले. दोन वर्षं प्रत्येक खाट दवाखान्यात येताना हा माणूस मनातल्या मनात, गाडी धड चालती असती तर, हा हिशेब करत असणार, एवढं मलासुद्धा कळलं.

करीमभाईंनी माझ्याकडे पाहिलं नाही. बशीतला चहा संपवला, तोंड पुसलं.

"भाऊ," ते म्हणाले, "कोरडा डबा चालवला असता तं एका महिन्यात दाते जळून गेले असते. तुमच्या तेलानंच वाचला तो. एकबी दाता खराब नाई. क्लचमध्ये नोको होतं टाकाले, ते मी धुऊन देतो. गाडी ठीक हाय डॉक्टरसाहेब. पुऱ्या भावाची हाय."

मग डॉक्टरांनी मला विचारलं, "तुम्हाला हे माहीत होतं?"

"दुपारपासून," मी म्हणालो.

"मग आता भाव तुम्हीच सांगा."

मी जीपचा सांगितला. मोठेपणा म्हणून नव्हे. तिघांच्या नजरेसमोर दुसरा आकडा सांगवेना.

चौथा दिवस दुरुस्तीत गेला. गरम पाण्याच्या शेकाने गिअरबॉक्समधलं तूप उतरवलं, आमचं तेल भरलं. क्लच पेट्रोलने धुतला आणि उरलेला तुपकटपणा शोषायला करीमभाईंनी डॉक्टरांकडे कोरडी भुकटी मागितली. दवाखान्यात होती ती केओलिनची, जुलाबावर देतात ती पांढरी माती. रोग्याला किती मात्रा, डॉक्टरांनी विचारलं. तीन चमचे, करीमभाई म्हणाले. सोमाजीभाऊंनी ती मोजून, नळीने फुंकून घातली. त्या दोन दिवसांत मी त्यांना हसताना प्रथमच पाहिलं. नंतर हातब्रेक लावून पुन्हा परीक्षा झाली. इंजिनाने एक गचका दिला आणि मान टाकली. बंद पडलेल्या मोटारीचा इतका आनंद झालेले चार पुरुष तुम्ही पाहिले नसतील.

परतीत वैनगंगेवर दोन होड्या जोडून, फळ्या टाकून ढीवरांनी मोटार पलीकडे नेली. वाळूच्या चढावर क्लच घसरला नाही. उतारावर पाय उचलला तरी गिअर सुटून बाहेर आला नाही. हेही तपासत जा. मूलच्या पुढे मी करीमभाईंना विचारलं, गप्प बसायचा सल्ला तर तुमचाच होता. ते म्हणाले, "तो बुढा दोन वरसं झोपला नाई साहेब. भाव काय, मंगबी पाडता येते."

मोटार आता दारात असते. रविवारी अमरावती रस्त्यावर मी साठच्या पुढे जातो आणि बायको डोळे मिटून बसते. भाव ऐकून शेजारी मला मूर्ख समजतात, तो समज मी दुरुस्त करत नाही. एवढा भाव का दिला हे सांगायचं तर विहिरीपासूनची ती शंभर पावलंही सांगावी लागतील, आणि ती मी आज पहिल्यांदाच सांगतोय.

फेब्रुवारीत डॉक्टरांचं पत्र आलं. मोटारीची चौकशी त्यात नव्हती. सोमाजी जीप चालवायला शिकले आणि कुठेही तेल देण्याआधी विचारतात, असं होतं. खाली एका गावाचं नाव होतं, नाल्यापलीकडचं. जीप तिथे रात्र पडायच्या आत पोहोचली, मुलगी झाली, दोघी ठीक. ते गाव मी नकाशात शोधलं. चांदा जिल्ह्याचा मोठा नकाशा काढून, चष्मा लावून शोधलं. नाला सापडला. त्याच्या पलीकडे नुसतं हिरवं होतं.