अप्पांचं मनगट

पिस्तुलाची गोष्ट आहे म्हणून दचकू नका. यात कुणाला गोळी लागलेली नाही. गेली ती फक्त माझी अब्रू, आणि तीही थेट सासऱ्यांसमोर. चहा घ्या, सांगतो.

मी म्हैसूरजवळ बेळगोळच्या एका कारखान्यात आहे. आम्ही बिस्किटं पॅक करायची मशीन बनवतो. मशीनमध्ये माल अडकला की मला बोलावतात. बावीस वर्षं हेच करतोय. त्यामुळे जगात कुठेही काहीही अडकलं, मग तो बेसिनचा पाइप असो की शेजारच्यांच्या मुलीचं लग्न, मला वाटतं हे आपल्याच खात्यातलं काम आहे. माझी बायको माधवी याला रोग म्हणते.

तिचे वडील, म्हणजे आमचे अप्पा, चार पिढ्यांपासून म्हैसूरचे. वय पंचाहत्तर, राहतात आमच्याकडेच. मराठी बोलता बोलता कन्नडमध्ये शिरतात आणि परत येतात, त्यांना पत्ताही नसतो. शाळेत ड्रॉइंग शिकवायचे. फळ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फुटपट्टीशिवाय सरळ रेघ मारायचे. टक्कल पडलेले विद्यार्थी अजून रस्त्यात थांबवून त्या रेघेची आठवण काढतात.

तर या अप्पांकडे त्यांच्या वडिलांचं जुनं पिस्तूल आहे. रीतसर परवान्याचं, कुलपात ठेवलेलं. दसऱ्यानंतर महिनाभराने रायफल क्लबात ज्येष्ठांची स्पर्धा असते. अप्पा तिथे दहा गोळ्या झाडतात आणि पुढचं वर्षभर त्या दहा गोळ्यांवर जगतात. अतिशयोक्ती नाही हो. माणसाला तेवढंच राहिलंय.

यंदा स्पर्धेच्या दोन आठवडे आधी सरावाला गेलो. पहिली गोळी सुटली. दुसरं काडतूस अर्ध्यातच अडकलं. अप्पांनी नळी निशाणाकडेच ठेवून शांतपणे ते काढलं आणि पुन्हा सुरुवात केली. एक सुटली, पुढचं परत अडकलं. असं चार वेळा झालं. चौथ्या वेळी त्यांच्या कपाळावर घाम आला.

आता मी गप्प बसेन? पिस्तुलाच्या मुठीत काडतुसांचा डबा असतो, त्याला मॅगझीन म्हणतात. गोळी सुटली की वरचा भाग धक्क्याने मागे जातो आणि पुढे येताना डब्यातलं पुढचं काडतूस उचलतो. म्हणजे आमचं बिस्किटाचंच मशीन की!

अप्पा म्हणाले, मॅगझीन बघायला पाहिजे. मी ते हातात घेतलं, अंगठ्याने आतली पट्टी दाबली, ती वर आली. "मॅगझीन एकदम ठीक आहे, अप्पा. दसऱ्याला मीच तर पुसून ठेवलं होतं."

घरी येऊन मी मोबाइलवर अकरा व्हिडिओ पाहिले. अकराव्यात सापडलं. म्हणे हात ढिला असेल तर धक्का मनगटातच जिरतो, वरचा भाग पूर्ण मागे जात नाही आणि काडतूस अडकतं. झालं! दुसऱ्या दिवशी इडली खाताना मी निकाल जाहीर केला, की दोष पिस्तुलात नाही, अप्पांच्या मनगटात आहे, आणि या वयात ते व्हायचंच.

अप्पांनी स्वतःच्या हाताकडे बघितलं. "सरी," म्हणाले, म्हणजे ठीक आहे. आणि इडली तशीच ठेवून उठले.

तिथे तरी थांबावं ना मी? नाही. संध्याकाळी आमच्या विजयनगर भागातल्या दुकानातून दाबायचा लाल बॉल आणला. सकाळी शंभर वेळा, संध्याकाळी शंभर वेळा. त्यांनी कॉफीच्या फिल्टरचं झाकण उघडायला घेतलं की मी धावायचो, राहू द्या अप्पा, मी आहे ना. तिसऱ्या दिवशी त्यांच्या हातून कॉफी सांडली. चौथ्या दिवशी परत सांडली. मी माधवीला हळूच म्हटलं, बघ, मी सांगितलं होतं. तिने फरशी पुसायचं फडकं माझ्या हातात ठेवलं.

मग एका सकाळी अप्पा मला जुन्या कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर रेघा मारताना दिसले. पानं भरली होती. एकही रेघ सरळ नव्हती. त्यांनी एक पान माझ्यासमोर धरलं.

"तुमचं बरोबर आहे, नितीनराव," ते म्हणाले. "साकु. आता पुरे."

दुपारपर्यंत अर्ज लिहून तयार. वयोमानामुळे परवाना आणि पिस्तूल सरकारजमा करत आहे. अर्ज वाचून माधवी आत गेली आणि दार लावून रडली. खरं सांगतो, तेव्हा पहिल्यांदा मी म्हटलं, थोडं थांबू या. अप्पा ऐकेनात. फक्त एक म्हणाले, की वडिलांची वस्तू बिघडलेल्या अवस्थेत द्यायची नाही, आधी दाखवून घेऊ.

म्हणून आम्ही परवानाधारक कारागीर रामण्णांकडे गेलो. जुने, जाड चष्म्याचे, कमी बोलणारे. मी त्यांना मनगट, धक्का, वय, सगळं माझ्या मोडक्या कन्नडमध्ये समजावलं. त्यांनी मान हलवली आणि पहिलं काय केलं असेल? मॅगझीन काढलं. पेन्सिलीने आतली पट्टी हळूहळू खाली दाबली आणि सोडली. पट्टी मध्येच अडकून राहिली.

मी टेबलावर वाकलो.

रामण्णांनी कोरा कागद पसरला आणि तळाची झाकणी काढून डबा त्यावर आपटला. आधी वाळलेल्या गंधाची खपली पडली, मग त्याचीच पिवळी भुकटी. आणि मग टप, टप, टप. कुंकवाने लाल झालेले तांदळाचे तीन दाणे.

"पिस्तुलाचं लग्न लावलंत काय?" रामण्णांनी कन्नडमध्ये विचारलं.

त्या क्षणी उंदरावर ढकलता येईल का, असाही विचार मी केला, लपवत नाही. पण अप्पा माझ्याकडेच बघत होते. दरवर्षी दसऱ्यातल्या आयुधपूजेला ते स्वतः पिस्तुलाला बाहेरून एक टिकली गंध लावतात. यंदा गुडघे दुखत होते म्हणून ते काम माझ्याकडे आलं होतं.

"आमच्या कारखान्यात," मी सुरू केलं, आणि माझाच आवाज मला परका वाटला, "दसऱ्याला मशीनची पूजा करताना माल जिथून आत जातो, त्या तोंडात गंध-अक्षता वाहतात. म्हणून मी मॅगझीनच्या तोंडात..."

अप्पांनी रामण्णांच्या हातातली पेन्सिल घेतली आणि त्या तीन दाण्यांच्या खालून, कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एक रेघ मारली. ताणलेल्या दोरीसारखी सरळ. मग खिशातला अर्ज काढून चार तुकडे केले आणि रामण्णांना म्हणाले, नीट साफ करा, रविवारी स्पर्धेला लागणार आहे.

रविवारी दहाच्या दहा गोळ्या सुटल्या. नंबर आला नाही, पण क्लबातून निघताना अप्पा असे चालत होते की जणू गुडघ्यांनाही काही झालं नव्हतं. गाडीत बसल्यावर त्यांनी खिशातून तो लाल बॉल काढून माझ्या हातात ठेवला.

"नितीनराव, हा आता तुमच्याकडे राहू दे. कुठे काही अडकलेलं दिसलं आणि बोलावंसं वाटलं, की आधी शंभर वेळा दाबायचा."

तोच हा बॉल, टेबलावर आहे बघा. रोज वापरतो. कारखान्यात वापरतो, घरी वापरतो, परवा शेजाऱ्यांकडे तर दोन्ही हातांनी वापरला. मनगट म्हणाल तर सध्या अख्ख्या विजयनगरात माझ्याइतकं मजबूत कुणाचंही नाही.