महानंदाअक्कांची बोआ

साप पकडणाऱ्यांच्या घोळक्यात किस्से मुद्दाम साठवावे लागत नाहीत. फोन वाजला की एक नवा! आमचा घोळका तसा छोटा, तिघांचाच. सोलापूरच्या शुक्रवार पेठेत कापडाचं दुकान असलेले शिवलिंगअप्पा, मोडनिंबकडे मेंढरं राखणारे बिरूदेव आणि मी. मी एका कॉलेजात प्राणिशास्त्राच्या लॅबमध्ये असिस्टंट. सोळा वर्षं सापांच्या बरण्या पुसतेय. पुसता पुसता ओळखायला शिकले. पदवी वगैरे काही नाही!

फोनवरचा प्रत्येक साप दहा फुटी असतो, हे एकदा मान्य केलं की हे काम सोपं जातं.

*

एका सोसायटीच्या चेअरमनचा फोन. "मॅडम, बारा फुटी आहे! जिन्यात आडवा पडलाय!"

गेलो. धामण होती, बिनविषारी. अप्पांनी लांबूनच नजर टाकली आणि म्हणाले, "एक मीटर साठ." कापड मोजून मोजून त्यांच्या डोळ्यांतच टेप बसलाय. मोजली, तर बरोबर एकशे साठ सेंटिमीटर!

चेअरमन काही ऐकेनात. "मी बघितला तेव्हा मोठा होता हो!"

अप्पा पिशवीची गाठ मारत म्हणाले, "कॉटन असेल. आटला."

*

हा किस्सा मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नाही. बिरूदेवांच्या शेजारच्या वस्तीवर एकानं शेतात सापडलेलं 'अजगराचं पिल्लू' टबात आणून ठेवलं होतं. पोरं काडीनं डिवचत होती. बिरूदेवांनी मला फोन लावला आणि टबाजवळ धरला. कुकरची वाफ सुटावी तसा आवाज!

"बिरूदेव, पाठीवर ठिपके किती ओळींत?"

"तीन हायत. साखळीवानी."

"आधी पोरं लांब करा. घोणस आहे!"

बिरूदेवांनी पोरांना पिटाळलं, टबावर मोठी पाटी उपडी घातली आणि वर दोन दगड ठेवले. मी सोलापूरहून पोचेपर्यंत ते तिथून हलले नाहीत. टबाचा मालक तासभर त्यांच्याशी भांडत होता. "अवो, मोबाइलवर बगितलंय मी! अजगर न्हाय कशावरनं?"

बिरूदेव शांतपणे म्हणाले, "काढू का पाटी? घाल की हात."

भांडण तिथंच मिटलं. घोणस सुखरूप माळावर गेली आणि सगळी पोरं सुखरूप घरी.

*

आता महानंदाअक्का. या अप्पांच्या गल्लीतल्या घरमालकीण. वरच्या खोलीतला भाडेकरू औषध कंपनीत होता. त्याची बदली झाली, तो गेला आणि मागं एक मोठा प्लास्टिकचा डबा राहिला. अक्कांना वाटलं, काचेची भांडी असतील. झाकण उघडलं.

"अय्यो! हावु! हावु!"

कन्नडमधली ती 'साप, साप'ची आरोळी अख्ख्या गल्लीनं ऐकली. अप्पा कापड कापता कापता तसेच धावले. ते दारात पोचतात तोवर अक्का डब्यापुढे उभ्या.

"हातात कात्री कशाला? मारताय काय त्याला? खबरदार!"

मिनिटापूर्वी किंचाळणाऱ्या याच बाई!

*

मी पोचेपर्यंत गल्लीत तीन पक्ष पडले होते. घोणस, अजगर आणि मांडूळ. मांडूळवाल्यांना पहिल्यांदा गप्प केलं. मांडूळ एकरंगी असतं, हिच्या पाठीवर तर खोगिरासारखे तपकिरी पट्टे. घोणशीचे खवले खरखरीत, हिचे रेशमासारखे. राहिला अजगर. अजगराच्या ओठांवर बारीक खळगे असतात. मी टॉर्च लावून पाहिलं. एकही नाही. नाकापासून मानेपर्यंत डोक्यावर एकच गडद रेघ आणि शेपटी विटकरी लाल.

असा साप मी फक्त पुस्तकात पाहिला होता.

"ही बोआ आहे. आपल्या देशातली नाहीच. दक्षिण अमेरिकेच्या जंगलातली. विष नाही हिला."

अप्पांनी विचारलं, "मग हिच्याशी बोलायचं कुठल्या भाषेत? कन्नड चालंल का?"

*

अक्कांनी भाडेकरूला फोन लावून स्पीकरवर टाकला. तो बिचारा ओशाळला होता. नव्या घरी बायकोनं सापाला बंदी केली म्हणे. "पण काकू, घाबरू नका. विकणारा म्हणाला होता, ही बुटकी जात आहे. दोन फुटांच्या वर जात नाही. डब्याएवढीच वाढते!"

अक्कांचा चेहरा फुलला. "एवढीशीच राहणार ना? मग राहू दे की माझ्याकडं!"

आता खरी पंचाईत. वर्षापूर्वी हातभर होती म्हणे आणि आत्ताच साडेतीन फूट! साप डबा बघून वाढत नाही, हे मी परोपरीनं सांगितलं. जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना बोलावलं. त्यांनी तपासून सांगितलं, मादी आहे. बोआत मादी मोठी होते. मी सगळ्यांसमोर सांगून टाकलं, "नीट खाल्लं-प्यायलं तर सात ते आठ फूट होईल. डब्यात राहिली तर हाल होतील हिचे."

कुणीतरी एका मोठ्या शहरातल्या तज्ज्ञांना व्हिडिओ कॉल केला. त्यांनी पाच सेकंद पाहिलं. "चार फूट. फार तर पाच. सात कोण म्हणालं?"

"मी."

"तुमचं क्वालिफिकेशन?"

माझे कान तापले. अक्का माझ्याकडे बघत होत्या. मग त्यांनी सरळ फोन बंद केला.

"तुम्ही ओठ बघता, शेपूट बघता. हा माणूस बघतो स्वतःलाच. बोआला मोठ्या जागी पाठवा, ताई."

*

वनखात्याला कळवलं होतंच. पण परदेशी प्राण्यांच्या केंद्रातून गाडी यायला बारा दिवस लागले आणि दिवस मे महिन्याचे! सोलापूरचं ऊन बोआलासुद्धा झेपणारं नाही. तिथल्या साहेबांच्या परवानगीनं ती अक्कांकडेच राहिली. हवेसाठी भोकं पाडलेली मोठी पेटी, पाण्याचं पातेलं, बाजूला कूलर. अक्कांचे यजमान अंगणात पंख्यानं वारा घेत बसलेले. "पस्तीस वर्षं संसार केला, माझ्या वाट्याला कधी कूलर नाही!"

गाडी आली त्या दिवशी अक्कांनी फॉर्म स्वतः भरला, 'किती वाढेल' या रकान्यात माझा सात ते आठ फुटांचा आकडाही. एका रकान्यात विचारलं होतं, 'प्राण्याशी आपले नाते'. गाडीबरोबर आलेल्या वनरक्षकानं वाचलं आणि तोंडावर रुमाल धरून तो बाहेर गेला. मी कागद उचलला.

अक्कांनी लिहिलं होतं, 'पोटभाडेकरू'.

*

तीन वर्षं गेली. परवा केंद्रातून व्हिडिओ कॉल आला. मी अप्पांच्या दुकानात होते, बिरूदेव सदऱ्यासाठी कापड बघायला आलेले. अप्पांनी गल्लीत हाक मारून अक्कांना बोलावलं. मोठ्या काचेच्या खोलीत एक झाडाची फांदी आणि फांदीवर ती. जाडजूड, झळाळती, शेपटी तशीच विटकरी लाल. दोन माणसांनी तिला अलगद टेपवर लांब केलं.

"सात फूट सहा इंच!"

बिरूदेवांनी टोपी उडवली. अप्पांनी गिऱ्हाईक सोडून माझा हात हातात घेतला. केंद्रातल्या डॉक्टरांनी विचारलं, "साडेतीन फुटांची असताना हे कुणी ओळखलं होतं हो? आमच्या रजिस्टरला अंदाज बरोबर लिहिलेला हा एकच!" अप्पांनी फोन माझ्या तोंडासमोर धरला.

अक्का मात्र स्क्रीनला नाक लावून बघत होत्या. डोळे पुसून नाराजीनं म्हणाल्या,

"साडेसातच? माझ्याकडं असती तर आठ झाली असती!"