प्रतिवादीच्या ओट्यावरच चालणारा लॅपटॉप

संपादक महोदय,

आपल्या सदरातील गूढ अनुभव मी आजवर हातात लाल पेन घेऊनच वाचत आलो आहे. आपोआप उघडणारी खिडकी, विहिरीकाठची पांढरी आकृती... साक्षीदार एकच, तोही घाबरलेला, आणि त्याची उलटतपासणी कोणीच घेतलेली नाही! असल्या पुराव्यावर कोणतेही न्यायालय शेळीचोरीच्या खटल्यातसुद्धा शिक्षा देणार नाही. माझी सारी नोकरी शिरूरच्या दिवाणी न्यायालयात कारकुनीत गेली. ऐकीव पुरावा कोणता आणि प्रत्यक्ष पुरावा कोणता, हे मला झोपेतून उठवून विचारले तरी सांगता येईल. पुढील हकीकत दुर्दैवाने प्रत्यक्ष पुराव्यात मोडते. ती मला मान्य नाही. परंतु ती घडली आहे.

माझा लॅपटॉप जुना आहे. त्यात मुळात जी प्रणाली होती, तिचा करारनामा मी एकदा पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत वाचला. दुकानदार म्हणाला, "काका, ते कोणी वाचत नसतं, खाली 'सहमत' दाबा." न वाचता 'सहमत' म्हणणाऱ्यांनीच न्यायालयाचे बाक भरलेले असतात, हे मी त्याला सांगितले. त्यातील काही अटी मला मान्य नव्हत्या. सबब मी सहमती नाकारली आणि लॅपटॉपवर लिनक्स नावाची दुसरी प्रणाली बसवून घेतली. फुकट, स्वच्छ, कोणाच्या उपकाराखाली नाही. अनेक वर्षे त्यावर मी नगरपालिकेपासून वीज मंडळापर्यंत सर्वांना पत्रे लिहिली. यंत्राने कधी तक्रार केली नाही. तक्रारी मीच करत होतो.

मग गेल्या हिवाळ्यात पडद्यावर 'नवी आवृत्ती उपलब्ध आहे' अशी सूचना आली. मी होय म्हटले. अपग्रेड पूर्ण झाले, लॅपटॉप बंद होऊन पुन्हा सुरू झाला, चिन्ह गरगर फिरले... आणि पडदा काळा. वरच्या कोपऱ्यात एक बारीक रेघ तेवढी लुकलुकत राहिली. साक्षीदार प्रश्न ऐकतो आहे पण उत्तर देत नाही, तसे.

शिरूरच्या एसटी स्टँडजवळ इम्रानचे दुरुस्तीचे दुकान आहे. त्याने प्रथम सांगितले, दोष ग्राफिक्स ड्रायव्हरचा. तो बदलला. मग म्हणाला, नवे कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, जुन्या मशीनला पेलत नाही. जुने कर्नल निवडून पाहिले. शेवटी मेमरीची पट्टी बाहेर काढून तिला शाळकरी खोडरबराने घासले.

"काका, मशीन एकदम ओके आहे," तो म्हणाला.

"मग चालू का होत नाही?"

"तेवढंच राहिलंय."

माझा संताप अनावर झाला. नोटिशीचा मसुदा मनात तयार होता, पण ती बजावायची कोणावर? प्रणाली बनवणारे म्हणे जगभर पसरलेले स्वयंसेवक. ना पत्ता, ना तालुका! त्यांच्या परवान्यात 'कोणत्याही हमीविना' असे स्वच्छ लिहिलेले... आणि ते मी वाचून मान्य केलेले. आयुष्यात प्रथमच माझ्याकडे तक्रार होती आणि प्रतिवादी नव्हता.

दुसऱ्या एका प्रकरणात मात्र प्रतिवादी होता. माझी धाकटी बहीण सुमन दौंड तालुक्यात, केडगावजवळच्या एका वाडीवर राहते. मेहुणे वारल्यापासून शेती तीच पाहते. तिच्या उसाकडे जाणारा वहिवाटीचा रस्ता तिच्या चुलत दिराच्या, म्हणजे रंगनाथ आप्पांच्या रानातून जातो. आप्पांनी त्या रस्त्यावर आडवा खड्डा खोदून वर बाभळीच्या काटेरी फेसाट्या टाकल्या. ऊसतोडीची टोळी येण्याच्या बेतात होती. टोळीची पाळी हुकली असती, तर सुमनचा ऊस रानातच वाळला असता. मी आप्पांना टपालाने नोटीस धाडली, मामलेदार न्यायालय अधिनियमाच्या कलम पाचखाली तिचा अर्ज तयार केला, आणि तो रस्ता उघडेपर्यंत आप्पांच्या घरचे पाणीसुद्धा पिणार नाही असे जाहीर केले. दौंडच्या तहसील कार्यालयात सुनावणी लागली. माझा लेखी युक्तिवाद पाऊण तयार होता. तो त्या लॅपटॉपमध्ये होता. (प्रत का काढून ठेवली नाही, असे विचारणारे पुष्कळ भेटले. पक्षकाराचे कागद पेनड्राइव्हवर घालून खिशात हिंडणे मला पसंत नव्हते. वाचकांनी खुशाल हसावे.)

सुनावणीच्या आदल्या दिवशी मंडळ अधिकारी स्थळपाहणीला येणार होते, म्हणून मी तो मृत लॅपटॉप पिशवीत घालून न्हावऱ्यामार्गे चौफुल्याची एसटी धरली. पंचनामा झाला. लिहायला सावली आणि खुर्च्या आप्पांच्याच ओट्यावर होत्या, म्हणून साहेब तिथे बसले. मी बाणेदारपणे रस्त्यात, उन्हात उभा राहिलो.

"जुन्या नकाशाची प्रत होती ना तुमच्याकडे?" साहेबांनी विचारले.

"लॅपटॉपमध्ये आहे. लॅपटॉप बंद आहे."

"कधीपासून?"

बंद आहे याचाही पुरावा असलेला बरा, अशा विचाराने मी ओटा चढलो आणि सर्वांसमक्ष बटण दाबले. चिन्ह फिरले... आणि पडद्यावर माझे नाव आले! खाली पासवर्डची चौकट. मी पासवर्ड घातला. नकाशा, जबाब, पाऊण युक्तिवाद, सारे जागच्या जागी.

साहेब नकाशा पाहून निघून गेले. मी घाईघाईने लॅपटॉप उचलला आणि रस्त्यापलीकडे सुमनच्या घरी नेला. काळा पडदा. लुकलुकणारी रेघ. परत ओट्यावर आणला – चालू! इम्रानला फोन लावला. तो म्हणाला, "काका, व्होल्टेजचा प्रॉब्लेम. शंभर टक्के." म्हणून सुमनच्या घरातून लांब वायर ओढून तिच्या विजेवर तो ओट्यावर लावला. चालू. मग आप्पांच्या विजेची वायर सुमनच्या पडवीत नेली. बंद! बॅटरीवर, चार्जरवर, उन्हात, सावलीत... निकाल तोच. दोन्ही घरांना वीज एकाच डीपीवरून येते. इंटरनेट दोन्हीकडे नाही.

वायर ओढायला खुद्द आप्पाच मदत करत होते. त्यांना या प्रकाराचा अतोनात आनंद झाला होता.

"पाव्हणं, ह्ये यंत्र बी तुमच्यासारखंच हाय. घरी बोलत न्हाई, आन् हितं आलं की थांबत न्हाई."

पेनड्राइव्ह आणायला केडगावला माणूस पाठवला. पण युक्तिवादाचा पाव भाग लिहायचा होता आणि दिवस कलला होता. सुमन दारातून ओरडली, "दादा, त्येंच्या दारात बसून त्येंच्यावरच लिवणार व्हय?"

"इलाज नाही!"

"मंग नीट लिवा. मऊ पडू नका!"

मी टंकू लागलो. आप्पा सुपारी कातरत माझ्या मागे येऊन बसले. आप्पांच्या घरच्या वहिनींनी चहा आणून लॅपटॉपशेजारी ठेवला. मी त्याकडे पाहिले नाही.

"घिऊ नका," आप्पा म्हणाले. "फकस्त त्या यंत्राला वाईट वाटंल."

पडदा क्षणभर मंद झाला. मी शपथेवर सांगतो, झाला. मी मोठ्याने 'विदाउट प्रेज्युडिस' असे उच्चारून, म्हणजे आमच्या हक्कांना बाध न येता, चहा घेतला. साखर जास्त होती.

"प्रतिवादी हे हटवादी व कज्जेखोर वृत्तीचे असून..." आप्पा मागून एकेक अक्षर लावत वाचत होते. "कज्जेखोर म्हंजी?"

"भांडखोर."

"मंग तसंच लिवा की. सायबाला कळाय पायजे."

पुढचे वाक्य होते, 'प्रतिवादीने सदर रस्ता कधीही मान्य केलेला नाही.' तिथे अडकित्ता थांबला.

"ह्ये खोटं हाय."

"काय खोटे आहे?"

"रस्ता मान्य हाय मला. तुमचं दाजी वारलं तवा ह्याच रस्त्यानं न्हेलं त्येस्नी. पुढचा खांदा माझा हुता."

मी लॅपटॉप थोडा बाजूला सारला. मग विचारले, "मान्य आहे तर खड्डा का खोदलात?"

"सुमनच्या ट्रॅक्टरवाल्यानं माझी पाइपलाइन फोडली. म्या म्हणलं, तिचं भाऊ येतील, बसू, बोलू, मिटवू. तर पाव्हण्याच्या जागी पोस्टमन आला! पाकिटावर माझं नाव, आन् आत निस्ती कलमं."

"नोटीस कायद्याने योग्य होती." ती आजही योग्यच आहे, आणि नोटिशीपूर्वी चहा घेण्याची पूर्वअट कोणत्याही अधिनियमात नाही, हे मी त्यांना ऐकवले.

"असंल," आप्पा म्हणाले. "पर आमच्यात पाव्हणा आधी ओट्यावर येतो, मंग कोर्टात जातो."

कायदेशीर अडचण वेगळीच होती. प्रतिवादीने माझ्यासमक्ष वस्तुस्थिती कबूल केली होती. ती ऐकूनही खोटे विधान दाखल करणे माझ्याकडून होणार नाही. मी वाक्य खोडले आणि लिहिले, 'प्रतिवादीस रस्ता मान्य आहे.' लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला. त्यांनी ते दोनदा वाचले.

"मंग बुजवा की खड्डा!" पलीकडून सुमन कडाडली. ती सारे ऐकत होती.

"आन् माझा पाइप?"

"जोडून देते! आधीच बोलला असता त जिभंला काटा मोडला असता का?"

"तू कुटं बोलली? तुजं बी पोस्टच आलं!"

दिवस मावळायच्या आत फेसाट्या बाजूला झाल्या आणि खड्ड्यात माती पडली. युक्तिवादाऐवजी मी तडजोडपत्र लिहिले, आणि दुसऱ्या दिवशी दौंडला त्यावर दोघांच्या सह्या झाल्या. टोळी आली. सुमनच्या उसाच्या ट्रॉल्या त्याच रस्त्याने गेल्या.

सुमनच्या मते सारे स्पष्ट आहे. देवाला भांडण मिटवायचे होते, म्हणून त्याने तसे केले. हा युक्तिवाद मी फेटाळला आहे. भांडण मिटवणे हेच प्रयोजन असेल, तर भांडण मिटताच ते प्रयोजन संपले. मग लॅपटॉप शिरूरला चालू व्हायला हवा होता. तो झाला नाही. आजही होत नाही. इम्रानने दरम्यान संपूर्ण प्रणाली पुसून नव्याने बसवली. काळा पडदा. तो आता मला दुकानात पाहिले की चहा मागवतो आणि विषय बदलतो. त्यामुळे मला कोणाविरुद्ध तक्रार लिहायची झाली, की पिशवी घेऊन एसटीने शत्रुपक्षाच्या दारात जावे लागते. शत्रुपक्ष आता तसा राहिलेला नाही, ही आणखी एक गैरसोय.

प्रस्तुत पत्रही मी त्याच ओट्यावर बसून लिहीत आहे. आप्पा मागे बसून वाचत आहेत. 'साखर जास्त होती' या विधानाला त्यांची हरकत आहे. मी ते कायम ठेवले आहे. स्पष्टीकरण माझ्याकडे नाही, हे मी कोणताही दबाव नसताना कबूल करतो. आप्पा म्हणतात, यामागचे कारण त्यांना ठाऊक आहे. तर मग ते शपथेवर सांगा, असे मी आत्ताच त्यांना म्हटले.

ते चहा सांगायला आत गेले आहेत.