बहिणीचं बाळ हातात घेताना

मैत्रिणींनो, हे लिहू की नको, असं करत आजची दुपार गेली.

सकाळी धुळ्याच्या आमच्या चर्चमध्ये धाकट्या बहिणीच्या बाळाचं समर्पण होतं, म्हणजे पाळक, आमचे धर्मगुरू, प्रार्थना करून बाळाला देवाच्या हाती सोपवतात तो विधी. तिचं लग्न माझ्यानंतर बऱ्याच वर्षांनी झालं. मला अजून मूल नाही.

साक्ष द्यायला, म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं ते सगळ्यांसमोर सांगायला, ती उभी राहिली. "देव विश्वासू आहे," म्हणाली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या मनात आलं, तुझ्यासाठी असेल, माझं काय?

मग ती माझ्याकडे वळली. "ताई, बाळाला पाळकांकडे तूच घेऊन चल ना."

"हात दुखतोय गं," असं खोटंच सांगून मी बाहेर आले आणि नळाशी तोंड धुवत रडले.

मागोमाग आमच्या शेजारच्या अक्का आल्या. मी म्हणाले, "अक्का, मला तिचा हेवा वाटतो. आता कुठल्या तोंडाने प्रार्थना करू?"

"पोरी, राहेलले भी बहीणना हेवा वाटे. म्हणीसन देवनी तिले सोडी दिधं का?"

बायबलमधली ही गोष्ट मी लहानपणापासून ऐकतेय: बहिणीला मुलं होत गेली, राहेलला होईना, आणि शेवटी देवाने तिची आठवण ठेवून तिलाही मूल दिलं. पण देवाने आठवण ठेवली ती बहिणीवर जळणाऱ्या राहेलची, हे कधी जाणवलंच नव्हतं.

मी आत गेले आणि बाळाला घेतलं. पाळक प्रार्थना करत असताना मी मनातल्या मनात म्हणाले, "देवा, मला फार हेवा वाटतोय. तरी मला सोडू नकोस."

हेवा अजून गेलेला नाही. फक्त तो देवापासून लपवणं थांबलंय.

तुम्हाला देवाला काय सांगायची लाज वाटते?