एक दिवस आधी उघडलेला आवा

सोपानमामांचा आवा मी एक दिवस आधी उघडायला लावला. मामा आमच्या गावचे कुंभार, आणि आवा म्हणजे कुंभाराची भट्टी. मडक्यांवर गोवऱ्या, तुराट्या आणि राखेचा थर देऊन तो पेटवतात, आणि पेटला की निवायला दोन दिवस लागतात. तोवर त्याला कुणी हात लावायचा नसतो. हे आमच्या गावात शेंबडं पोरगंही सांगेल. मी मात्र तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवलेला माणूस. मला आवा दिसला नाही, पाहुण्यांची गाडी दिसली.

मामांना जाऊन आता महिना झाला. वय झालं होतं, चार दिवस अंथरुणाला टेकले आणि फार हाल न होता गेले. बातमी आली तेव्हा मी परभणीला दाताच्या दवाखान्यात खुर्चीवर आडवा होतो. फोन वाजला, तो तिथल्या बाईंनी माझ्या कानाला लावला. मामांची सून रुक्मिण बोलत होती. "सर, मामा गेले." डॉक्टरांची दोन बोटं माझ्या तोंडात होती, त्यामुळे मी फक्त "आं…" म्हणू शकलो. ती म्हणाली, "रडू नका सर, तरास न्हाई झाला त्यायला." खरं सांगायचं तर मी रडत नव्हतो. माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते असं, की चला, आता माफी मागायची राहिली नाही. दुसऱ्या क्षणी मला माझीच अशी शरम वाटली, की डॉक्टरांनी दाढ काढली तरी मी हूं की चूं केलं नाही. त्यांनी माझ्या सोशिकपणाचं कौतुक केलं.

दुपारी गावी पोचलो. मामांचा मुलगा ऊसतोडीला गेलेला, तो येईपर्यंत सगळे थांबले होते. मयताचं मडकं रुक्मिणीनं स्वतः आणून दिलं. मामांची एक रीत होती. मयताच्या मडक्याला ते काही घेत नसत, आणि ते नेणाऱ्याला निघताना "या" असं कधी म्हणत नसत. रुक्मिणीनं मडकं नवऱ्याच्या हातात दिलं आणि काही न बोलता आत गेली. तेव्हा मात्र मला रडू आलं…

आता त्या आव्याचं सांगतो. निवृत्त मास्तराला गावात दोनच कामं मिळतात, लग्नपत्रिकेतल्या चुका काढणं आणि समितीवर बसणं. पाच वर्षांपूर्वी मी दुसरं निवडलं. गावात विणणारे, घडवणारे, गाणारे, वाजवणारे होते आणि त्यांना कुणी विचारत नव्हतं. म्हणून आम्ही दोन दिवसांचा महोत्सव काढला. 'हस्तकला व संस्कृती महोत्सव' असं भारदस्त नाव मी दिलं, मंडप मी ठरवला, शाली मी आणल्या आणि सोपानमामांना आमंत्रण द्यायला मीच गेलो.

"मी काय करायचं तिथं?" त्यांनी विचारलं.

"तुमचा सत्कार आहे मामा. आणि चाकावर थोडं प्रात्यक्षिक."

"परात्यक्षिक म्हंजे?"

"म्हणजे करून दाखवायचं. जरा वेळ."

"खोटं खोटं?" ते म्हणाले. "ते येत न्हाई मला. आवा लावतो. उन्हाळ्याचे माठ करायचेच हायेत. कुनाला बघायचं त्यानं बघावं."

मला ती कल्पना इतकी आवडली, की दुसऱ्या दिवसापासून मी ती माझीच म्हणून सांगू लागलो. शाळेच्या मैदानामागं मामांनी आवा रचला. शुक्रवारी सांजेला पेटवायचा, शनिवार-रविवार महोत्सव, आणि रविवारी समारोपाला गावासमोर उघडायचा. सगळं छान जमलं होतं. शनिवारी सकाळी निरोप आला, की समारोपाचे पाहुणे म्हणून ज्या साहेबांना रविवारी बोलावलंय ते आजच दुपारी येतील, उद्या त्यांना जमणार नाही.

मी मामांकडे गेलो. ते आव्याशेजारी पोत्यावर बसले होते. समोर पिठलं-भाकरी झाकलेली तशीच. मी म्हटलं, मामा, आजच उघडू. त्यांनी समोरची भाकरी बाजूला सारली. मग एकदम मोठ्या आवाजात म्हणाले, "सर, आज उघडत नसत्यात. आवा निवला न्हाई." आवाज एवढा मोठा, की पार टोकाला सुपं विणत बसलेल्या बुरूडबाईंनी मान वर केली. मला वाटलं, म्हातारा चिडला. मी समजुतीनं म्हटलं, "थोडासाच उघडू मामा, वरून वरून." त्यावर ते आणखी मोठ्यानं म्हणाले, "थोडासा आवा नसतो. मी सांगायलोय, फुटतील. मंग मला बोल लावू नका." मी माझा वर्गातला आवाज काढला आणि म्हणालो, "मामा, जबाबदारी माझी." हे वाक्य ऐकल्यावर ते उठले, धोतराची धूळ झटकली आणि बाजूला झाले.

दुपारी साहेबांच्या हातात लांब काठी दिली. त्यांनी राखेचा थर बाजूला सारला, गार वारं आत शिरलं, आणि आतून टण्… टण्… असे आवाज यायला लागले. साहेबांना वाटलं हा कार्यक्रमाचाच भाग. त्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यांच्या मागून सगळ्या मंडपानं वाजवल्या आणि सांगायला लाज वाटते, मीही दोन वाजवल्या. वाजवल्या नाहीत त्या फक्त बुरूडबाईंनी. त्यांनी हातातली बांबूची कांब खाली ठेवली. राख सारत गेलो तशी नुसती खापरं निघाली. सबंध उन्हाळ्याचे माठ.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामा माझ्या दारात आले. हातात एक लहानसं गाडगं. "एवढं एकच साबूत निघालं. ठेवा," म्हणाले आणि चहालाही न थांबता गेले. मी ते टेबलावर ठेवलं. त्याची एक बाजू काळी होती. ती आव्याची झळ, असं मी येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवत असे. त्यात काही ठेवायची मला छाती होईना. बायको म्हणाली, निदान पेनं तरी ठेवा. मी म्हटलं, हे गाडगं नाही, हे माझं प्रायश्चित्त आहे. पावसाळ्यात त्याच्या अंगावर पांढरी पूड धरायची. मी ती बोटानं हळुवार पुसायचो आणि बायकोला म्हणायचो, बघ, मामांच्या मातीचं दुःख अजून वर येतंय. ती स्वयंपाकघरात निघून जायची.

त्यानंतर मामा चाकावर बसले नाहीत. गावानं सरळ हिशेब मांडला, सरानं आवा फोडला आन् म्हाताऱ्यानं चाक सोडलं. मला तो खोडता येईना. पन्नास वर्षं फिरणारं चाक मी एका दुपारी थांबवलं होतं. माफी मागायला मी दर आठवड्याला त्यांच्याकडं जायचो आणि ती न मागताच परत यायचो. मग माफीऐवजी मी तंबाखू न्यायचो. पेपर वाचून दाखवायचो. त्याच पावसाळ्यात एकदा ते म्हणाले, अक्षरं काय, मानसं बी धुवून निघाल्यावानी दिसायलीत. तर मी त्यांना स्कूटरवर बसवून परभणीला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, फार उशीर केलात, यांना दोन-तीन वर्षांपासून नीट दिसत नसणार. मी मान हलवली. जन्मभर सनावळ्या पाठ करून घेतल्या, पण ही एक सनावळी काही मला जुळवता आली नाही.

मामांना माझ्या अपराधाचा उपयोग बरोबर कळला होता. पुढच्या वर्षी महोत्सवाची बैठक त्यांनी आपल्या ओसरीवरच घ्यायला लावली. म्हणाले, स्टेज नको. मी म्हटलं, मामा, स्टेजशिवाय कसं? ते नुसतं म्हणाले, "माझा आवा…" आणि थांबले. स्टेज गेलं. शाली नकोत, ज्याला मान द्यायचाय त्यानं घोंगडी विकत घ्यावी. "माझा आवा…" शाली गेल्या. पाहुणा कामाकडं चालत येईल, काम पाहुण्याकडं जाणार न्हाई. पत्रिकेवर आधी कारागिरांची नावं, मग पाहुण्यांचं, आणि शेवटी जागा उरली तर माझं. कधी उरली नाही. सगळ्यात भारी गोष्ट त्यांनी ही सांगितली, की लोकांनी घरून मोडकंतोडकं घेऊन यावं, सैल झालेली बाज, निखळलेलं दांडकं, उसवलेली वाकळ. "बघाया येनारा मानूस कटाळतो, सर. काम घेऊन येनारा बसून ऱ्हातो." आणि तसंच झालं. दुसऱ्या वर्षी वालूर गावची माणसं बाजा डोक्यावर घेऊन आली. बाज विणली जाईपर्यंत भारूड ऐकत बसली. गाणाऱ्यालाही त्यामुळं ऐकणारा मिळाला. माझं भारदस्त नाव कुणाच्या तोंडी बसलं नाही. लोक त्याला कामाची जत्रा म्हणतात.

तिसऱ्या वर्षी मामांनी चाकावर रुक्मिणीला बसवलं. कुंभाराच्या घरी बाईनं चाकाला हात लावायचा नसतो. माती मळावी, थापावं, रंग द्यावा, पण चाक बाप्याचं. भाऊबंद तणतणले. मामा म्हणाले, "चाकाला काय कळतंय, बाई हाय का बाप्या?" ते तिच्या शेजारी बसायचे आणि वाळलेल्या मडक्यावर बोटाचं पेर वाजवून आवाजावरून सांगायचे, हे चांगलं, हे परत मळ. तेव्हापासून रुक्मिण ऊसतोडीला जात नाही. नवरा एकटा जातो. गाव कौतुक करायचं, पण मला त्यातही माझंच पाप दिसायचं. मी आवा फोडला नसता, तर चाकावर अजून मामाच असते.

दिवस-कार्य झाल्यावर मी ठरवलं, मामांची राहिलेली माफी सुनेकडं मागायची. दोन पानं लिहिली. ते गाडगंही पिशवीत घेतलं. रुक्मिण अंगणात मडकं थापत होती, आतून दगडी गोळा धरून बाहेरून लाकडी थापी, थप थप थप. मी उभा राहून वाचायला लागलो. पहिलं पान झालं तरी थापी थांबली नाही. दुसऱ्या पानावर 'त्या उघड्या आव्यासोबत एका कलावंताचं' इथपर्यंत आलो आणि थापी थांबली.

"सर, कोनत्या आव्याचं म्हनायलात तुमी?"

"अगं, मी फोडला तो. पहिल्या वर्षीचा."

तिनं गोळा खाली ठेवला. "तो तुमी न्हाई फोडला," ती म्हणाली. "त्यो शुक्रवारीच फुटला होता."

मी पायरीवर बसलो. ती सांगत गेली. त्या वर्षी ती ऊसतोडीवरून लवकर परतली होती. शुक्रवारी सांजेला आवा पेटवला आणि घटकाभरातच आतून फाट फाट आवाज यायला लागले. मडकी ओली होती. ओल्या मडक्याला जाळ लागला की ते आतल्या आत फुटतं. मामांना दिसत नव्हतं आणि हातालाही ओल कळेनाशी झाली होती. "मी म्हनले बी, मामा, माठ वले वाटायलेत. तर माझ्यावरच वरडले. मंग ते आवाज आयकून गप बसले. जेवन सोडलं. म्हनले, परवा सगळा गाव बघनार, सोपान कुंभाराच्या आव्यात खापरं निघाली. पन्नास वर्सांत असं झालं न्हाई. म्हनले, रुक्मिने, उद्या सकाळच्या गाडीनं मी कुटं तरी जातो निघून…"

"मग?"

"मंग तुमी आले की. आजच उघडू म्हनत."

मला ते मोठ्या आवाजातलं 'मी सांगायलोय, फुटतील' आठवलं. ते माझ्यासाठी नव्हतंच. बुरूडबाईंपर्यंत पोचावं म्हणून होतं.

"मामा म्हनायचे, देव आला माझ्यासाठी," रुक्मिण म्हणाली. "बिनडोक्याचा, पर वेळेवर."

"म्हणजे मी काहीच फोडलं नाही?"

"ऱ्हायलेले फोडले की. पाच-सात. तेवढे तुमचे."

ते पाच-सात माठ मी इतक्या आनंदानं पदरात घेतले, की हातातली दोन पानं कधी खाली पडली मला कळलं नाही. पाच वर्षांत पहिल्यांदा मला त्या अंगणात नीट श्वास घेता आला. चाक मी थांबवलं नव्हतं. उलट एका म्हाताऱ्याची पन्नास वर्षांची अब्रू माझ्या मूर्खपणाच्या आडोशाला सुखरूप राहिली होती. आयुष्यात माझ्या अकलेचा कुणाला एवढा उपयोग झाल्याचं मला आठवत नाही.

"पण मला सांगायचं तरी," मी म्हटलं. "पाच वर्षं गं…"

"मामा सांगनार होते. पर तुमी तंबाखू आनायले, पेपर वाचायले, डोळ्याला नेलं, जत्रा बी नीट करायले. मला म्हनले, मी हाय तवर बोलू नको. सर सुधरायलाय."

निघताना पिशवीतलं गाडगं काढून मी तिच्यापुढं ठेवलं. म्हटलं, त्या आव्यातून साबूत निघालेलं हे एकच, हे तुमच्याच घरी असावं. तिनं ते उचललं, फिरवून काळी बाजू पाहिली, अंगावरच्या पांढऱ्या पुडीला बोट लावलं आणि ते जिभेला लावलं. मग पदर तोंडाला लावून हसायला लागली. आव्यात एकही साबूत न निघाल्यावर सरांच्या हातात काहीतरी ठेवायला हवं, म्हणून मामांनी घरात चाचपून जे सापडलं ते उचललं होतं. चुलीशेजारचं मिठाचं गाडगं. सुनेला सांगितलं होतं, मांजरानं पाडलं.

ती आत गेली, गाडगं पुसून त्यात मीठ भरलं आणि चुलीजवळ त्याच्या जागेवर ठेवलं. भिंतीलगत त्याच्या बुडाची गोल खळगी अजून तशीच होती, तीत ते बरोबर बसलं. मामा त्या भिंतीला टेकूनच चहा प्यायचे. बाहेर येऊन तिनं पुन्हा थापी हातात घेतली आणि माझ्याकडं न बघता म्हणाली,

"पाच वर्सं टेबलावर ठिवलं, अन् एकदा चाखून बघितलं न्हाई. कसं शिकवलं हो तुमी लेकरायला?"